पाटीवर न मावलेलं

नगरपालिकेनं बजावलंय: पाटीवर साठ शब्द.
फाटकापाशी लावायची, निळ्या अक्षरांत.
कोणी बांधलं, कधी, खिडक्या किती.
मी इथली माळीण. अक्षर बरं आहे म्हणून
काम माझ्या गळ्यात पडलं.

लिहिलं: झेफेरिनो वारेला, ब्राझीलहून परतलेला, १८९३.
खिडक्या बेचाळीस.
एवढं बसलं.

अकरा वर्षांचा असताना तो बोटीत चढला
तेव्हा त्याच्या पायांत बहिणीच्या वहाणा होत्या,
हे नाही बसलं.
अडतीस वर्षांनी उतरला तो पांढऱ्या सुटात,
सोबत एक तापट पोपट
आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं पामचं रोप.
आमच्या उत्तरेत असे परत आलेले
दारात पाम लावायचे;
दुरून कळावं, या घरात
समुद्रापलीकडचा पैसा आहे.

पैसा रबराचा.
चीक कोणी गोळा केला, पाठी कोणाच्या सोलल्या,
ते त्याच्या वह्यांत नाही. वह्यांत फक्त वजनं.
मी वाचल्यात त्या, पोटमाळ्यावर,
उंदरांनी ठेवल्यात तेवढ्या.

हा उतार आधी गावाचा होता.
झरा, झऱ्याला लागून कपडे धुवायचे दगड.
भिंत उठली तसा झरा आत गेला.
भिंतीवर बाटल्यांच्या काचा रोवल्या,
हिरव्या, बहुधा त्यानंच रिचवलेल्या वाइनच्या.
बायका धुण्याचे बोळे डोक्यावर घेऊन
खाली नदीवर जाऊ लागल्या. येताना चढ, आणि ओलं धुणं जड.
माझी पणजी त्यांतली.
तिनं त्याचं नाव कधी घेतलं नाही.
'पाणीचोर' म्हणायची,
आणि लगेच छातीवर क्रूस काढायची.

मग दोना एर्मेलिंदा. पोर्तोहून लग्न होऊन आलेली,
कॅटलॉग बघून कमेलिया मागवणारी.
जस्ताच्या पट्ट्यांवर एकेकीचं नाव कोरून आणलं;
गास्पार माळ्याला वाचता येत नव्हतं,
त्यानं दिसेल त्या झुडपाला दिसेल ती पट्टी बांधली.
अजून तशाच आहेत. दर फेब्रुवारीत
चष्मेवाले तज्ज्ञ येतात आणि माझ्या वाफ्यात उभे राहून भांडतात.

तर, एर्मेलिंदा.
मागच्या दाराची किल्ली हरवली असं नवऱ्याला सांगून
तिनं ती धुणाऱ्या बायकांना दिली.
त्यानं कुलूप बदललं.
नवी किल्लीही हरवली.
वहीत, रबराच्या वजनांखाली,
लोहाराची बिलं आहेत.
सात.

पुढचं भराभर. पुतण्यानं घर जुगारात फुंकलं.
क्षयाचे रोगी आले, सज्जात ओळीनं खोकत पडले,
त्यांच्यासाठी सावली देणारं एक लिंडन मात्र लावलं गेलं.
मग कुलूप, मग वटवाघळं.
कार्नेशनच्या वर्षी सगळं गाव वर आलं
आणि फाटक बिजागऱ्यांवरून उचलून नेलं.
माझे वडील एका कोपऱ्याला होते.
'दिसायचं तेवढं जड नव्हतं,' म्हणायचे.
कागदावर बाग सार्वजनिक व्हायला आणखी नऊ वर्षं गेली.
ते फाटक कुठे आहे, आता कोणालाच ठाऊक नाही.
पाटी 'फाटकापाशी' लावायची म्हणतात;
तिथे दोन खांब आहेत नुसते.

पामला भुंगा लागलाय. लाल, अंगठ्याएवढा.
कान लावला तर आत कुरतडणं ऐकू येतं.
मंगळवारी करवतवाले येणार.
पत्ते खेळणारे म्हातारे विचारतात, मग आम्ही बसायचं कुठे?
लिंडनखाली, म्हटलं.
तिथे बसल्यावर डाव लागत नाही म्हणे.

शब्द मोजले. अठ्ठावन्न.
दोन उरले.
'सात कुलपं' लिहू का?
कळणार कोणाला?

झऱ्यावर इल्दा आली होती, दर गुरुवारी येते,
घरी मशीन असून एक चादर इथे धुते.
मशीनला विसळता येत नाही, असं तिचं मत.
तिला विचारलं.
तिनं चादर पाण्यातून वर काढली, माझ्याकडे न बघता म्हणाली,
'धर हे टोक. पीळ उलटा दे.'